लंगडीचा आठवा ठोका

१

भिवंडी तालुक्यात लडकूने फसवला नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं लडकू चारचौघांत छाती काढून सांगायचा. सांगून झालं की मागे वळून बघायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "एक आमची बकुळा सोडून." आणि थोडं थांबून, "आन् चांगदेवची म्हैस. ती दोनदा सुटली."

वय त्रेसष्ट. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांच्या टोपीत खाडीचा खेकडा निघाला, आणि मग शाळेने लडकूला सोडलं की लडकूने शाळेला, याबद्दल शेलार गावात दोन मतं आहेत. दहा वर्षांपूर्वी एका मे महिन्यात त्याने चांगदेवच्या नावाने अख्ख्या गावाला जेवणाचं आवताण धाडलं होतं. दोनशे माणसं आपापला तांब्या घेऊन चांगदेवच्या अंगणात येऊन बसली. चांगदेव गावचा जमीनदार, अब्रूला जपणारा. त्याने मुकाट्याने भात शिजवला. त्या दिवसापासून तो लडकूचं नाव दात चावून घ्यायचा.

घरामागे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये चार लूम, विजेवर कापड विणणारे माग. तीन बिनानावाच्या, चौथीचं नाव लंगडी. तिच्या एका चाकाचा एक दात झिजला होता, त्यामुळे सात ठोके सरळ पडायचे आणि आठवा अर्धा श्वास उशिरा. खट खट खट खट खट खट खट... खटाक. बावीस वर्षं ती अशीच चालत होती. शेलारमधली पोरं त्या तालावर झोपली, त्याच तालावर त्यांना पुढे पोरं झाली. आंधळ्याला उभं केलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, ही लडकूची लंगडी.

"ते चाक बदला वो," बकुळा बावीस वर्षं म्हणत होती.

"म्हातारपनी कुनाला लंगडं म्हनून हाकलायचं नसतं," लडकू म्हणायचा.

पण एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात, एका गुरुवारी संध्याकाळी, त्याने खरंच चाक बदललं. कुणालाही सांगितलं नाही. शनिवारी लंगडी सरळ चालायला लागली की बकुळेचं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं होतं. झिजलेलं चाक त्याने आपल्या पिशवीत टाकलं, शेडला कुलूप लावलं, आणि शुक्रवारी सकाळी बकुळेला घेऊन अकलोलीच्या गरम कुंडावर अंघोळीला गेला.

शुक्रवारच का, तर शुक्रवारी लायट नसते. आठवड्यातून एक दिवस सगळ्या लूम बंद. एरवी माणसं खुणांनी बोलतात, कारण खटखटीत कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. शुक्रवारी मात्र गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. नवराबायको भांडणं शुक्रवारसाठी राखून ठेवतात. शुक्रवार असला की शेलारमध्ये कावळासुद्धा जरा बेतानेच ओरडतो.

२

संध्याकाळी एसटीतून उतरून लडकू गावात शिरला तर माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. पानवाल्याने हात जोडले. एकाने डोळा मारला. लडकूला वाटलं, आपली जुनी कुठली तरी करामत आज उघडकीला आलेली दिसते; कुठली ते मात्र आठवेना. तरी त्याने डोळा परत मारला, उगाच उधारी कशाला.

ओट्यावर शेजारची मैना तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "काका, हिंमत हाय हां तुमची. दिवसाढवळ्या?"

"काय दिवसाढवळ्या?"

"लंगडी. चार वाजल्यापासनं चांगला अर्धा तास. आकडा कुठं टाकलाव? आमाला बी सांगा की."

आकडा म्हणजे जवळपासच्या कुठल्याही चालू तारेवर टाकायचा चोरीचा आकडा. सगळ्या गावाने चार वाजता लंगडीचा आवाज ऐकला होता, आणि सगळ्या गावाने एकच अर्थ काढला होता: लडकूने बंदच्या दिवशी चोरीची वीज घेऊन लूम चालवली. घराबाहेर येऊन बघायची गरज कुणालाच वाटली नव्हती. भिवंडीत लूमचा आवाज आला तर बघायचं काय असतं?

बघितलं नव्हतं, पण लिहिलं होतं एकाने. चांगदेवने पाच वाजताच कागद काढून तक्रार केली आणि स्वतः भिवंडीला नेऊन दिली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी लायटीची माणसं येणार, तपास करणार आणि लडकूचं कनेक्शन तोडणार. कनेक्शन गेलं की चार लूम म्हणजे चार लोखंडी बैल, नुसते खुंट्याला बांधलेले.

बकुळा घाबरली. लडकू हसला. तो आत गेला, कुलूप उघडलं, लंगडीवर हात ठेवला. गार. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा जिथे ठेवला होता तिथेच. कापडाच्या कडेला गुरुवारी खडूने केलेली खूण, तिथेच. मग पिशवीतलं चाक त्याने बाहेर काढलं आणि झिजलेल्या दातावरून अंगठा फिरवला.

आता त्याचं हसू जरा आत गेलं.

मैना आणि सगळं गाव ज्याला लंगडीचा आवाज म्हणत होतं, तो या दाताचा आवाज होता. आणि हा दात दिवसभर त्याच्या मांडीवर, अकलोलीच्या एसटीत होता.

लडकू विचार करत बसला. वाऱ्याने भिवंडीतल्या दुसऱ्या लूमचा आवाज आणला असेल? पण भिवंडीही बंदच होती. कुणाच्या कानात आठवडाभराची खटखट उरली असेल? एकाच्या उरेल, चारशे जणांच्या कशी उरेल? मग एकदम त्याला उजेड पडला आणि तो मांडीवर थाप मारून हसत सुटला.

"बकुळे, चांगदेवने टेप क्येला. आपल्या लंगडीचा आवाज टेपात भरला आन् शुक्रवारी लावला. दहा वर्सांनी का व्हईना, चांगदेव मस्करी शिकला."

"चांगदेव टेप चालू कराया बी नोकराला हाक मारतो," बकुळा म्हणाली.

शनिवारी लायट आली. लंगडी चालली, सरळ, एकही ठोका न चुकता. बकुळेचं तोंड बघायचं होतं, ते लडकूने बघितलं. त्यात आनंद अजिबात नव्हता.

"ती शुक्रवारी लंगडत व्हती," ती म्हणाली, "आन् तुमी गुरवारी चाक काढलाव." मग ती भाकरी थापायला लागली आणि आठवी भाकरी थापताना तिचा हात अर्धा श्वास थांबला.

३

बुधवारी दुपारी गावात एक निळसर जीप आली. आत दोन माणसं, अंगावर हवाई दलाचा गणवेश. पण शेलारला गणवेश एवढेच कळत होते: खाकी म्हणजे पोलीस, उरलेले सगळे लायटीचे. जीप वेशीवर असतानाच बातमी पोचली की भरारी पथक आलंय, आणि तेसुद्धा वेषांतर करून. पाच मिनिटांत गावातले सगळे आकडे खाली उतरले. दोन विहिरीत गेले. एक तर भाताच्या टोपात उकळत होता.

मोठे साहेब स्क्वाड्रन लीडर यादव. मूळचे उत्तरेकडचे, पण पुण्यात आठ वर्षं काढल्यामुळे मराठी बोलायचे, मध्येमध्ये हिंदीला वाट देत. वही घेऊन ते घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: शुक्रवारी दुपारी चार वाजता काही पाहिलंत का, ऐकलंत का?

पानवाल्याने सांगितलं, तो शुक्रवारी नागोठण्याला असतो. मैनाने सांगितलं, तिला मुळात ऐकूच कमी येतं. हे तिने साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी सांगितलं. एका म्हातारीने सांगितलं की गावात लायट असते हेच तिला आज कळतंय. चारशे माणसांच्या गावात शुक्रवारी चार वाजता काहीही घडलं नव्हतं, कुणीही जागं नव्हतं, आणि बरेचसे जण गावातच नव्हते.

साहेबांनी वही मिटली. तेवढ्यात चांगदेव कोट घालून आला.

"साहेब, ही सगळी खोटारडी हायत. आवाज मी ऐकलाय. चला, चोर दाखवतो."

लडकू शेडच्या खटखटीपासून लांब, अंगणातल्या आंब्याखाली पाट टाकून बसलाच होता. त्याने आधी चांगदेवच्या कोटाचे खिसे चाचपून बघितले, टेप आहे का म्हणून. चांगदेव संतापला.

"या पत्र्यावरनं आवाज आला साहेब. खात्रीने. मी अंगणात उभा व्हतो."

साहेबांनी पेन उघडलं. "पत्र्याच्या आतून का वरून?"

"आतनंच की. लूम आत हाय तर..." चांगदेव बोलता बोलता थांबला. त्याने शेडकडे बघितलं, मग मान थोडी वर केली, मग अजून थोडी. तोंड उघडंच राहिलं. तो म्हणाला, "वरनं."

"किती वर?"

चांगदेव अजून वरच बघत होता. साहेबांनी मात्र काहीतरी लिहिलं, जणू उत्तर मिळालं होतं.

४

साहेबांनी चांगदेवला जीपमधल्या माणसाजवळ बसवलं आणि एकटेच शेडमध्ये आले. चारही लूम चालू होत्या. लडकूने त्या बंद केल्या. चौथी बंद झाल्यावर जी शांतता पडली तिच्यात दोघांनाही घसा साफ करावासा वाटला.

"साहेब, खरं बोला," लडकू म्हणाला. "तुमी लायटीचे न्हाय."

"नाही."

"मंग चांगदेवच्या मस्करीत सामील हाव. कितीला ठरलं?"

साहेब हसले. त्यांचं हसू बरं होतं, पण थकलेलं होतं. त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढून लंगडीच्या कापडावर पसरला. आमच्या एका वैमानिकाने काढलंय, ते म्हणाले. शुक्रवारी, चार वाजता, भिवंडीवरून जाताना.

कागदावर पेन्सिलीने एक लांब पांढरा पट्टा काढला होता. दोन्ही कडा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. मध्ये एक लहानसा काळा ठिपका, आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना बाण: इकडे, तिकडे, इकडे, तिकडे.

लडकू तिसरीपर्यंतच शिकला होता, पण हे चित्र वाचायला शाळा लागत नव्हती. कागदावरचा पट्टा आणि कागदाखालचं कापड, दोन्ही एकमेकांच्या सरळ रेषेत पडले होते. त्याने कागद उचलून बाजूला ठेवला. असं काही कापडावर ठेवू नये असं त्याला वाटलं. का ते सांगता आलं नसतं.

"ढग असंल," तो म्हणाला.

"असेल."

"पतंग असंल. पोरं मोठाले पतंग करतात."

"पंचवीस हजार फुटांवर?"

लडकूने डोकं खाजवलं. मग त्याने पिशवीतून चाक काढलं आणि साहेबांना सगळं सांगितलं: दात, गुरुवार, अकलोली, कुलूप, चांगदेवची तक्रार, शनिवारची माणसं. जन्मात पहिल्यांदा तो एका दमात एवढं खरं बोलला, आणि बोलताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

"मी शपथ घेतो साहेब. पन माझ्या शपथेला या गावात कोन पुसत न्हाय. तुमी लिवून द्या, मी लूम चालवली न्हाय. न्हायतर शनवारी माझी शेड मेली."

साहेबांनी चाक हातात घेऊन बघितलं. "परवा शुक्रवार," ते म्हणाले. "मी येतो. कुलपाला माझं सील लावतो. आणि त्या तक्रारवाल्यांनाही बसवा. आवाज झाला तर सगळ्यांसमोर होऊ दे."

"आन् न्हाय जाला तर?"

"तर तुमचं नशीब," साहेब म्हणाले, आणि त्यांना हे मनापासून हवं असावं असं लडकूला वाटलं.

५

शुक्रवारी तीन वाजल्यापासून लडकूच्या अंगणात जत्रा भरली. साहेब लायटीचे नाहीत हे कळल्यावर सगळ्या गावाला एकदम ऐकू यायला लागलं होतं. मैना म्हणाली, तिनेच सगळ्यात आधी ऐकलं. पानवाला नागोठण्याहून परत आला होता, म्हणजे गेलाच नव्हता. बकुळेने चहाचं मोठं पातेलं चढवलं. चांगदेवला शेडच्या दाराशी खुर्ची दिली होती, सील त्याच्या डोळ्यांसमोर.

झिजलेलं चाक लडकूने आंब्याच्या फांदीला तारेने टांगलं होतं, शाळेच्या घंटेसारखं. "पुरावा हाय," तो म्हणाला. "ज्याला बघायचाय त्याने बघा. हात लावायचा न्हाय."

चार वाजले. चार वाजून पाच झाले. चांगदेव हसायला लागला होता.

आणि मग आला.

खट खट खट खट खट खट खट... खटाक.

ज्याच्या हातात कप होता त्याने तो हळूच खाली ठेवला. चांगदेव खुर्चीतून उठला आणि आपला उजवा कान शेडच्या दाराला लावला. मग डावा लावला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"आत कायच न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आत मुंगी बी न्हाय."

वर बघायची हिंमत कुणाला होत नव्हती. साहेबांनी बघितलं. लडकूने बघितलं. आंब्याच्या शेंड्याच्या कितीतरी वर, ऊन जिथे पांढरं होतं तिथे, त्याहून पांढरं काहीतरी होतं. एक कड सरळ दिसली, किनारीसारखी. तिच्यावरून बारीक काळं काहीतरी इकडून तिकडे गेलं. सात वेळा गेलं. आठव्यांदा निघताना अर्धा श्वास थबकलं, जणू त्याच्याकडेही झिजलेला दात होता. लडकूच्या डोळ्यांत पाणी आलं, उन्हाने किंवा कशाने, आणि परत बघितलं तेव्हा नुसतं ऊन होतं. आवाज मात्र चालूच होता.

"टेप हाय," चांगदेव म्हणाला. स्वतःलाच सांगत असावा. "लडक्याने झाडावर टेप लावलाय."

आता शेड जायची वेळ होती. अजून एक माणूस 'टेप' म्हणाला असता तर अर्ध्या गावाने मान हलवली असती, आणि उद्या माणसं पकड घेऊन आली असती. लडकूला दुसरं काही सुचलं नाही. त्याने पाना उचलला, आंब्याखाली गेला आणि चाकावर ठणकन एक ठोका मारला.

वरचा आवाज थांबला.

अंगणात माश्यांचा आवाज ऐकू यायला लागला. लडकू पाना हातात धरून उभा होता. घाबरायला हवं होतं, आणि तो घाबरलाही होता, पण त्याच्या आत जो खेकडावाला पोरगा होता तो जागा झाला. वर कुणीतरी थांबलं होतं. म्हणजे वर कुणीतरी ऐकत होतं. आणि ऐकणारा मिळाला की लडकूला राहवत नसे.

त्याने मोजून सात ठोके मारले. आठवा मारला नाही.

अर्धा श्वास गेला.

खटाक. वरून.

मैना फिसकन हसली. मग पानवाला. मग सगळ्या अंगणात हसू फुटलं, जत्रेत आकाशपाळणा वरून खाली येताना फुटतं तसं. लडकूने पाच मारले. वरून तीन आले, शेवटचा उशिरा. लडकूने दोन मारले. वरून सहा आले. लडकू नाचायला लागला, धोतराचा सोगा हातात धरून, त्रेसष्टाव्या वर्षी. "टेप म्हनं. चांगदेवशेठ, सांगा तुमच्या टेपाला, एकच दे." त्याने सात मारले, आणि वरून एकच आला, आणि चांगदेव खुर्चीत बसला तो आपण बसतोय हे न कळता.

"बस," साहेब म्हणाले. त्यांनी लडकूच्या हातातला पाना काढून घेतला. जोराने नाही, पण काढून घेतला. "अब बस, चाचा."

६

चांगदेवने तक्रार मागे घेतल्याचा कागद तिथेच लिहिला. साहेबांनी दुसरा लिहिला: शेड सीलबंद होती, यंत्र चालू नव्हतं, खाली सही. आभाळाचं त्यांनी त्यात एक अक्षर घातलं नाही. ते दुसऱ्या वहीत गेलं, आणि ती वही जीपमध्ये लोखंडी पेटीत गेली.

जीपमध्ये चढताना त्यांनी लडकूला बाजूला घेतलं.

"आमच्या वैमानिकाने गंमत म्हणून विमानाचे पंख हलवले होते. त्या पट्ट्याकडे बघून. दोनदा."

"मंग?"

"त्यानेही हलवलं. दोनदा."

"आन् मंग?"

साहेबांनी टोपी नीट केली. "तो सध्या रजेवर आहे. घरी बसून टेबलावर बोटं वाजवतो. चाचा, पुन्हा ठोकू नका."

जीप गेली. गाव पांगलं, जाताना प्रत्येकाने लडकूच्या पाठीवर थाप मारली. उन्हं उतरली तेव्हा अंगणात दोघंच उरले होते, आणि पातेल्यात दोन कप चहा. शेड वाचली होती. लडकूला इतकं हलकं वाटत होतं की बशीतला चहा फुंकतानाही त्याला हसू येत होतं.

"बकुळे," तो म्हणाला, "मास्तर झाले, जमीनदार झाला, मिलिट्रीचा साहेब आला. आज आभाळाला बी फसवलं. आता ऱ्हायलं कोन?"

बकुळा वर बघत होती.

खट खट खट खट खट खट खट.

सात.

लडकूने बशी ओठांशी धरली ती तशीच. अर्धा श्वास गेला. पुरा गेला. कुठे कुत्रं भुंकलं नाही, कावळा ओरडला नाही. फांदीला टांगलेलं चाक वारा नसताना जरासं हललं आणि थांबलं. वर, जिथे काही दिसत नव्हतं तिथे, कुणीतरी वाट बघत होतं, आणि त्याला बिलकुल घाई नव्हती.

बशीतला चहा लडकूच्या धोतरावर सांडायला लागला होता. बकुळेने ती त्याच्या हातातून काढून घेतली, खाली ठेवली, खांबाशी पडलेला पाना उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "खेळ तुमी सुरू क्येलाव. आता पाळी तुमची हाय."